हलकीफुलकी पुस्तकं आणि आईचं हक्कसोडपत्र

जूनमध्ये आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून मी ऑफिस अर्धं घरून आणि अर्धं रामभरोसे करतीये. त्यातला एकच फायदा म्हणजे रात्री तिच्या कॉटशेजारी बसून जेवढं वाचन झालं तेवढं गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं. आणि वाचलं काय, तर खून, राक्षस, पऱ्या आणि लग्नं! मैत्रिणीने किंडलमध्ये डोकावून विचारलं, अगं जरा सिरीयस काहीतरी वाच की. म्हटलं बाई, दिवसभर बेडपॅन धुतल्यावर मला अस्तित्वाची पोकळी वगैरे नकोय, मला कॉफीचं दुकान टाकणारी राक्षसीण हवीये.

आईला मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही. पण मी एकटीच हसायला लागले की ती म्हणायची, काय ते मलाही सांग. असं करत करत रोज रात्री मराठीत गोष्ट सांगायची सवयच लागली. आई एकेकाळी अर्नाळकरांची झुंजार आणि काळा पहाडवाली पुस्तकं लायब्ररीतून आणून एका बैठकीत संपवणारी, त्यामुळे खून म्हटलं की तिचे कान टवकारतात.

म्हणून सुरुवात केली सुजाता मॅसीच्या 'द विडोज ऑफ मलबार हिल'ने. २०१८ चं पुस्तक आहे, मला आत्ता सापडलं. १९२१ ची मुंबई, परवीन मिस्त्री नावाची पारशी सॉलिसिटर वडिलांच्या फर्ममध्ये काम करते. कोर्टात उभं राहून ती बोलू शकत नाही, कारण बायकांना वकिलीची दारं उघडणारा कायदा आला १९२३ मध्ये. मलबार हिलवर एका श्रीमंत मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात आणि त्या तिघी आपापली मेहेर (लग्नात नवऱ्याने बायकोला कबूल केलेली रक्कम) आणि मिळकत वक्फला, म्हणजे धर्मादाय निधीला देऊन टाकतायत अशी कागदपत्रं फर्मकडे येतात. परवीन कागद बघते तर एकीने सहीच्या जागी नुसती फुली मारलीये. म्हणजे जिला वाचता येत नाही तिने सगळं सोडून दिलं, ते पण लेखी!

मला हे भयंकर आवडलं, कारण इथे डिटेक्टिव्ह असण्याचं कारण खरंखुरं आहे. पुरुष वकील जनानखान्यात जाऊच शकत नाही, पोलीसही नाही, परवीनच जाऊ शकते. बाकी ठिकाणी कसं, हौशी बाई उगाच खुनात नाक खुपसते आणि इन्स्पेक्टर तिला खुपसू देतो. परवीनच्या पात्रामागे प्रेरणा आहे ती कॉर्नेलिया सोराबजी आणि मिठन टाटा लाम या सुरुवातीच्या दोन भारतीय वकीलबाईंची. कॉर्नेलियाबाई आपल्या नाशिकच्या, जन्म १८६६, डेक्कन कॉलेजात शिकल्या, १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली आणि विद्यापीठाने पदवी दिली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी! मधली कितीतरी वर्षं त्या पडद्यातल्या बायकांच्याच इस्टेटीची कामं बघत होत्या. (राजकारणात बाई पक्क्या इंग्रजधार्जिण्या, गांधीजींच्या विरोधात, तेही सांगून ठेवते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी येईलच.)

परवीनच्या स्वतःच्या लग्नाचा एक वेगळा ट्रॅक आहे कलकत्त्याचा, तो खुनापेक्षा जास्त अंगावर येतो. १८६५ च्या पारशी विवाह कायद्यात नवरा वेश्येकडे जातो हे बायकोला घटस्फोटाला पुरेसं कारण नव्हतं. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, आणि तो कायदा कुणी केला होता ते सांगू नकोस, कळलं मला.

तर फुलीपाशी आले आणि आई एकदम गप्प. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, मी तर बी.ए. झालेली.

कशाचं काय मला कळेचना. मग हळूहळू निघालं. ९६ साली आप्पा, म्हणजे माझे आजोबा गेले, त्यांनी स्वतः घेतलेली सिन्नरजवळची जमीन होती, आणि महिन्याभराने मामा आईला आणि मावशीला रजिस्ट्रार ऑफिसात घेऊन गेला. १९५६ पासून मुलगी वडिलांची वारस आहे हे आईला माहीत होतं बरं का, पेपर वाचणारी बाई आहे ती. पण मामीने डबा दिला होता, जाताना गाडीत सगळे आप्पांच्या आठवणी काढून रडत होते, आणि तिथे एकाने बोट ठेवून इथे, इथे आणि इथे म्हटलं. आईने हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. एक ओळ वाचली नाही. घरी आल्यावर दोघी बहिणींना साड्या मिळाल्या, आईची मोरपिशी. ती साडी मला आठवते, माझ्या साखरपुड्यात नेसली होती ती. मी विचारलं, वाचलं असतंस तर सही केली नसतीस का? तर म्हणाली केली असती गं, दादाला नाही म्हणणं जमलं नसतं, पण वाचायला तर हवं होतं.

बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या बसलो. मग म्हणाली, खून कुणाचा झाला ते सांग आता.

या सिरीजमधलं दुसरं, 'द सातापूर मूनस्टोन', आपल्या सह्याद्रीत घडतं, काल्पनिक संस्थान, कोल्हापूर एजन्सी, पालखीतून प्रवास, दोन राण्यांचं भांडण. मजा आली पण पहिल्याची सर नाही. आणि लेखिका अमेरिकेत वाढलेली असल्याने कुठे कुठे परदेशी पाहुण्याला घर दाखवल्यासारखं होतं. चालतंय.

मग राक्षसीण. ट्रॅव्हिस बाल्ड्रीचं 'लेजेंड्स अँड लाटेज', २०२२ चं. हा माणूस ऑडिओबुकं वाचणारा, स्वतःचं पुस्तकही त्यानेच वाचलंय आणि काय वाचलंय! विव्ह नावाची ऑर्क, म्हणजे आपली धिप्पाड राक्षसीणच, बावीस वर्षं तलवार चालवून कंटाळते आणि एका गावात घोड्यांचा जुना तबेला विकत घेऊन कॉफीचं दुकान टाकते, जिथे कुणाला कॉफी हा शब्दसुद्धा माहीत नाही. बास. एवढीच गोष्ट. सुतार येतो, फळ्या बसतात, पहिल्या दिवशी कुणी येत नाही, मग एक उंदरासारखा लाजरा बेकर दालचिनीचे रोल करायला लागतो आणि लाइन लागते. जग बुडत नाही, कुणी राजा होत नाही. सुताराचं आणि तिचं बोलणं तर आमच्या किचनचं काम काढलं होतं तेव्हाच्या मिस्त्रीसारखं वाटत होतं, फरक एवढाच की तो रोज यायचा. गावातली दादा मंडळी हप्ता मागायला येतात तर शेवटी सेटलमेंट होते ती दर आठवड्याला दालचिनी रोलवर. आई इतकी हसली की टाके दुखले. म्हणाली, आपल्या नाक्यावरचा वडापाववालाही हेच करतो, फक्त त्याच्यावर कुणी पुस्तक लिहिलेलं नाही.

हेदर फॉसेटचं 'एमिली वाइल्ड्स एन्सायक्लोपीडिया ऑफ फेअरीज' मला आवडलं, आईला नाही. १९०९, केंब्रिजची प्रोफेसर बाई पऱ्यांवर संशोधन करायला उत्तरेच्या बर्फातल्या एका खेड्यात जाते, डायरी लिहिते, डायरीला तळटीपा देते. पऱ्यांचं सगळं पाठ, पण लाकडं फोडता येत नाहीत आणि गावच्या मुख्य बाईला नकळत दुखावून ठेवते. आईचं म्हणणं, एवढी शिकलेली आणि लोकांच्या घरी कसं वागायचं कळत नाही, हिला कोण माहिती देणार. मला वाटतं पुस्तकाचा मुद्दा तोच आहे पण मी वाद घातला नाही. शेवटाकडे परीराज्यात थोडं लांबलं, तो हिरोही जरा जास्तच देखणा आहे.

आणि सगळ्यात शेवटी जॉर्जेट हेयर. ही बाई १९७४ मध्ये गेली, तिच्या नावावर रीजन्सी रोमान्सचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडात घडणाऱ्या प्रेमकथांचा अख्खा धंदा उभा आहे. सगळीच पुस्तकं डोळे मिटून घ्यावीत अशी नाहीत, 'द ग्रँड सोफी'त ज्यू सावकार ज्या पद्धतीने रंगवलाय ते १९५० सालीही किळसवाणंच होतं. पण 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट' वाचाच. १९६१ ची कादंबरी. उमराव घराण्यातला अ‍ॅडम नेपोलियनविरुद्धच्या युद्धावरून परत येतो, वडील कर्ज करून मेलेले, घरदार विकायची पाळी. त्याचं प्रेम देखण्या ज्युलियावर. आणि एक गडगंज व्यापारी आपल्या साध्यासुध्या गुटगुटीत मुलीचं, जेनीचं स्थळ घेऊन येतो. पैसा तुमच्याकडे नाही, टायटल आमच्याकडे नाही, बोला! अ‍ॅडम लग्न करतो. सासरा हौसेने जावयाचं घर परस्पर सजवून टाकतो आणि जावई आतल्या आत जळतो. मी दोन रात्री रोमान्सची वाट बघत होते. आई म्हणाली, अगं चालूच आहे की, ती त्याला काय खायला आवडतं ते बघतीये ना.

जेनीला दिवस जातात तेव्हा लंडनचा मोठा डॉक्टर क्रॉफ्ट तिला अर्धपोटी ठेवतो. हा क्रॉफ्ट खरा माणूस बरं का, १८१७ मध्ये राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली तेव्हा डॉक्टर हाच होता. आई संतापली. पहिलटकरणीला उपाशी! त्या पोरीला कुणी डिंकाचे लाडू द्या! तिकडे वॉटर्लूची लढाई, शेअर बाजार कोसळतोय, अ‍ॅडम सगळं पणाला लावतोय, आणि इकडे आईचं एकच, ती जेवली का.

शेवटी अ‍ॅडमला जेनीबद्दल जे वाटतं ते ज्युलियासारखं नसतं आणि लेखिका तसं खोटं सांगतही नाही. मला जरा चुटपुट लागली. आईला अजिबात नाही. तुझ्या बाबांना माझ्या हातची आमटी आवडते हे मला सहा वर्षांनी कळलं, म्हणाली, तेही शेजारणीकडून.

काल मेडिक्लेमचा फॉर्म आला. सगळा भरून तिच्यापुढे पॅड धरलं, पेन हातात दिलं आणि म्हटलं आई, इथे, इथे आणि मागच्या पानावर सही कर. तिने पेन खाली ठेवलं, उशी नीट करून घेतली आणि म्हणाली, आधी वाचून दाखव.

चार पानं वाचली. अटी-शर्तींसकट.