नापासाची भीती आणि नंतरचे दोन महिने

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही असे ठरवले, २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली आणि २०२३मध्ये महाराष्ट्राने ती वापरली. फिनलंडमध्ये राहून या निर्णयावरची चर्चा वाचताना स्वागत करणाऱ्यांचा एकच मुद्दा पुन्हा पुन्हा दिसतो: ढकलपासमुळे धाक गेला आणि मुलांनी अभ्यास सोडला.

धाक मुलाला पुस्तकासमोर बसवतो, एवढे मान्य आहे. परंतु गणित सोडवताना हातचा धरून ठेवण्यासाठी मनात जी थोडीशी जागा असते, तीच काळजीने व्यापली जाते. 'सायन्स' नियतकालिकातील २०११च्या एका अभ्यासात, परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातली धास्ती कागदावर उतरवल्यावर, विशेषतः फार धास्तावणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारलेली दिसली. अभ्यासक्रम तोच होता, तयारीही तीच होती.

येथील एका वर्गात एका मुलीने एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश अशी लिहिली. शिक्षिकेने उत्तर न खोडता "अर्धा मोठा की दोन पंचमांश?" एवढेच विचारले. मुलगी क्षणभर थबकली आणि स्वतःच हसली, कारण बेरीज मूळ संख्येहून लहान निघाली होती. चुकलो तर वर्ग हसेल या दडपणाखालच्या मुलाला असे थबकायला उसंतच मिळत नाही.

अर्थात फिनलंडचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पंधरा वर्षांच्या मुलांच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत येथील गणिताचे सरासरी गुण २००६मध्ये ५४८ होते, ते २०२२मध्ये ४८४वर आले. म्हणजे निर्भय वातावरण एकटे पुरत नाही. मला मोलाचे वाटते ते इतकेच की मूल मागे पडू लागले की वर्षअखेरीची वाट न पाहता विशेष शिक्षक त्याच्याशेजारी बसतो. आपल्याकडे ही जागा सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने, म्हणजे वर्षभर मुलाची प्रगती पाहत राहण्याने, घ्यायची होती, पण अनेक शाळांत ते नोंदवह्या भरण्यापुरतेच उरले.

आता नापास झालेल्यांसाठी निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षेची तरतूद आहे. महाराष्ट्रात निकाल मेच्या सुरुवातीला लागतो आणि लगेच उन्हाळी सुट्टी असते, तेव्हा त्या खचलेल्या मुलाला शिकवायला नेमके कोण हजर असेल, हे धाकाच्या समर्थकांनी सांगावे.