मेडिकल कॉलेज आलं की पैसा येतोच, पण गावाची तब्येत?

कुठेही नवीन मेडिकल कॉलेज जाहीर झालं की बातमीत दोनच आकडे असतात, बेड किती आणि एमबीबीएसच्या सीट किती. मग गावाचं नशीब उघडलं, जमिनीला भाव येणार, अशी चर्चा सुरू होते. ते खोटं नाहीये. पण मला मनापासून वाटतं की पैसा कॉलेजच्या मागोमाग आपसूक येतो, लोकांची तब्येत मात्र आपसूक सुधारत नाही, त्यासाठी कॉलेजने कुणाला शिकवायचं, कुठे शिकवायचं आणि कुणाची जबाबदारी घ्यायची हे पायाभरणीच्या आधीच ठरवून घ्यावं लागतं.

आधी पैशाचं बोलू. प्रोफेसर, रेसिडेंट, नर्स, टेक्निशियन, वॉर्डबॉय, सिक्युरिटी, क्लार्क, एवढ्या सगळ्यांचा पगार दर महिन्याला एकाच गावात येतो आणि त्यातला बराचसा तिथेच खर्च होतो. मंदी आली म्हणून पेशंट यायचे थांबत नाहीत, त्यामुळे हा पैसा इतर धंद्यांपेक्षा टिकाऊ. आणि पेशंट कधी एकटा येत नाही, सोबत दोघं-तिघं असतात, रिपोर्ट येईपर्यंत, टाके निघेपर्यंत ते तिथेच मुक्काम ठोकून असतात. वेल्लोर बघा. इडा स्कडर या डॉक्टरबाईंनी १९०० साली एका बेडवर सुरू केलेला दवाखाना, १९१८ मधे तिथे मुलींसाठी मेडिकल स्कूल निघालं, त्याचंच आजचं सीएमसी, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज झालं. आज हॉस्पिटलच्या समोरच्या गल्ल्यांमधे तमिळनाडूत असून बंगाली पाट्या दिसतात, कारण बंगाल, झारखंड, ईशान्येकडून आणि बांगलादेशातूनही लोक ट्रेनने तिथे उपचाराला येतात, लॉजवाले खोलीसोबत गॅस आणि भांडी पण देतात. एका हॉस्पिटलच्या जिवावर अख्खा बाजार उभा आहे.

आता याची दुसरी बाजू, जी कुणी बोलत नाही. भाडी वाढतात. जी माणसं त्याच हॉस्पिटलमधे कंत्राटावर झाडलोट करतात त्यांनाच जवळ राहणं परवडत नाही, ती लांब जातात आणि पगारातला एक हिस्सा जाण्यायेण्यात घालवतात. ट्रस्टची संस्था असली की बऱ्याच ठिकाणी टॅक्समधे सूट असते, पण रस्ता, पाणी, ड्रेनेज यांच्यावरचा ताण नगरपालिकेनेच सोसायचा.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं उदाहरण मला फार अस्वस्थ करतं. जॉन्स हॉपकिन्सचं हॉस्पिटल १८८९ चं, मेडिकल स्कूल १८९३ चं, जगभरातले डॉक्टर तिथे शिकायला धडपडतात, आणि त्याच्या भिंतीला लागून असलेल्या वस्त्यांमधे पिढ्यानपिढ्या गरिबी, आयुर्मान त्याच शहरातल्या श्रीमंत भागापेक्षा कितीतरी कमी. नंतर कॅम्पसच्या बाजूला रीडेव्हलपमेंट झालं त्यात ७०० पेक्षा जास्त कुटुंबांना घरं सोडावी लागली. उत्तम हॉस्पिटल शेजारी असणं आणि आपण निरोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा.

म्हणजे हॉस्पिटलचा उपयोग नाही असं अजिबात म्हणत नाहीये. रात्री दोनला साप चावलेला माणूस, बाळंतपणात रक्त थांबत नसलेली बाई, हायवेवरचा अपघात, यांच्यासाठी चोवीस तास कॅज्युअल्टी, रक्तपेढी आणि भूलतज्ज्ञ जवळ असणं म्हणजे सरळ जीव वाचणं. पण ब्लड प्रेशर, शुगर, तंबाखू, कुपोषण हे वॉर्डात बसून कमी होत नाही, त्यासाठी कॉलेजला गेटबाहेर पडावं लागतं.

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोने ते केलं. उत्तरेकडे डॉक्टर टिकत नाहीत म्हणून १९६८ मधे तिथे विद्यापीठ काढायचं ठरलं, आणि १९७४ मधे त्यांनी आपल्याच गावातल्या लोकांना तपासायला सुरुवात केली, कारण त्या भागात पुरुष ऐन उमेदीत हार्ट अटॅकने जात होते. पुढची कित्येक वर्षं तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासली, अगदी उकळून केलेल्या कॉफीने कोलेस्टेरॉल वाढतं हे सुद्धा त्यातूनच समोर आलं. १९९४ ते २०१० मधे तिथे हृदयरोगाचे नवे रुग्ण दर वर्षी साधारण ३ टक्क्यांनी घटत गेले आणि त्यातली दोन तृतीयांश घट कोलेस्टेरॉल, बीपी, सिगरेट अशा गोष्टी बदलल्यामुळे होती.

आणि आपल्याकडे सेवाग्राम आहेच की! डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मधे सुरू केलेलं कॉलेज. प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, पोरं सुरुवातीलाच तिथे पंधरा दिवस राहतात, प्रत्येकाला कुटुंबं वाटून दिलेली असतात, नंतरही त्यांच्याकडे जात राहायचं. तिथे आरोग्य विम्याची एक योजना होती, सुगी झाली की घराघरातून ऐपतीप्रमाणे ज्वारी गोळा करायची, गावातली बहुतेक घरं सामील झाली की त्या गावाला हॉस्पिटलचा आधार. लोकांना ते हॉस्पिटल आपलं वाटलं ते अशा गोष्टींमुळे.

डॉक्टर कोण होणार हा प्रश्न तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॅनडात उत्तर ऑन्टारिओमधे २००५ ला मेडिकल स्कूल सुरू झालं तेव्हा ॲडमिशनला त्याच भागातल्या पोरांना झुकतं माप दिलं आणि तिसऱ्या वर्षी आठ महिने त्यांना छोट्या गावांमधे राहून शिकायला लावलं, त्यामुळे त्यातले बरेच जण तिथेच डॉक्टर म्हणून राहिले. आपल्याकडे कितीतरी पोरं शिकून झाली की मोठ्या शहराची गाडी पकडतात, मग कॉलेज शेजारी असून तालुक्याच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टरची खुर्ची रिकामीच.

म्हणून ज्यांच्या गावात कॉलेज येऊ घातलंय त्यांनी आत्ताच आमदार-खासदारांना विचारा, आसपासच्या पीएचसी कॉलेजला जोडणार का, तिथे फक्त इंटर्न पाठवणार की सीनियर पण जाणार, पाच वर्षांनी बालमृत्यू आणि बीपीचे आकडे लोकांसमोर मांडणार का. आणि नर्सिंग कॉलेज नंतर बघू असं म्हणाले तर अजिबात ऐकू नका, ते एमबीबीएसच्या सोबतच, पहिल्याच वर्षी सुरू व्हायला पाहिजे, कारण डॉक्टर बाहेरून आला आणि बाहेर गेला तरी गावातली शिकलेली नर्स तिथेच असते, तिच्या पगारावर तिचं घर वर येतं आणि आजूबाजूच्या चार घरातली बाळंतपणं ती वेळेवर हॉस्पिटलला पोचवते.