रेमिंग्टनचा जादा सिलिंडर खरेच स्वाराच्या खिशात असे का?

सध्या एक दावा खूप फिरतो आहे: अमेरिकेच्या यादवी युद्धातले स्वार ‘रेमिंग्टन 1858’ या रिव्हॉल्व्हरचे भरलेले सिलिंडर (सहा बार मावणारे फिरते नळकांडे) खिशात ठेवत, सहा बार झाले की धावत्या घोड्यावर पाच सेकंदांत नवा बसवत, आणि सैन्याने हे रिव्हॉल्व्हर त्यासाठीच घेतले. सिलिंडर सहज निघतो, एवढेच यातले खरे.

आधी साल. नळीवर कोरलेला 14 सप्टेंबर 1858 हा रचनाकार बील्स यांच्या पेटंटचा दिवस. आपण ज्याला ‘1858’ म्हणतो ते न्यू मॉडेल आर्मी 1863 पासूनचे.

आता पाच सेकंद. रिव्हॉल्व्हरचा घोडा (बार उडवणारी हातोडी) अर्ध्या खाचेवर आणायचा, नळीखालची बार ठासायची तरफ उतरवायची, सिलिंडर ज्यावर फिरतो तो आस पुढे ओढायचा, सिलिंडर उजवीकडे काढायचा. टेबलाशी बसून हे पटकन होते. नवा घालताना मात्र सिलिंडर फिरवणारे आतले बोट आडवे येते. किंचित वळवत सरकवले तरच ते मागे दबते, आणि मग आसाचे भोक जुळवायचे. दोन्ही हात यात अडकले, तर लगाम कोण धरणार? शिवाय आस बारीक, त्यावर प्रतिस्पर्धी कोल्ट रिव्हॉल्व्हरसारख्या वंगण धरणाऱ्या खाचा नाहीत. काळ्या दारूची काजळी धरली की दोन-तीन फेऱ्यांतच सिलिंडर जड फिरतो आणि आस हाताने निघेनासा होतो.

खिशातला भरलेला सिलिंडर तर धोक्याचाच. त्याच्या मागच्या निपलांवर (बारीक नळ्यांवर) बसवलेल्या, ठोक्याने ठिणगी देणाऱ्या तांब्याच्या टोप्या उघड्या असतात. हिसक्याने टोपी गळली तर बार फुकट. सिलिंडर दगडावर पडला तर बार तिथेच उडू शकतो.

सैनिकाच्या नेहमीच्या सरंजामात जादा सिलिंडर नव्हताच. मिळत ती सहा-सहा कागदी काडतुसांची पाकिटे. कागद बारासोबत जळणारा, म्हणून काडतूस फोडायचे नाही: तरफेच्या दट्ट्याने दाबायचे, टोपी चढवायची. रेमिंग्टन घेतले ते कोल्टपेक्षा स्वस्त आणि वरून पट्टी असलेल्या अखंड सांगाड्यामुळे मजबूत म्हणून; त्यात 5 फेब्रुवारी 1864 ला कोल्टचा कारखाना जळाला.

दंतकथेचे मूळ बहुधा टेक्सासात आहे. तेव्हा स्वतंत्र असलेल्या टेक्सासच्या आरमाराने 1839 मध्ये कोल्टची 180 पॅटरसन रिव्हॉल्व्हरे घेतली, तीच पुढे टेक्सास रेंजर्स या स्वार पथकाकडे आली. सुरुवातीच्या पॅटरसनला भरायची तरफच नव्हती; भरण्यासाठी नळी उतरवून सिलिंडर काढावाच लागे. तिथे जादा सिलिंडरला खरोखर अर्थ होता.

यादवीत ज्यांना जास्त बार हवे होते, त्यांनी जास्त रिव्हॉल्व्हरे बाळगली. दक्षिणेच्या बाजूचा सेनानी मॉस्बी याच्या स्वारांकडे .44 कॅलिबरच्या कोल्टची जोडी असे. मिसुरीतले गनिमी स्वार चार-चारही नेत. दुसरे रिव्हॉल्व्हर उपसायला एकच हात लागतो.