खुनी डॉक्टर आहे!

पान ११. समासात पेन्सिलीने, चांगलं गिरवून लिहिलेलं: "खुनी डॉक्टर आहे!"

आमच्या गावच्या वाचनालयातली रहस्यकथा. मी तेव्हा आठवीत. डॉक्टर अजून कथेत आलेसुद्धा नव्हते. ते उगवले पान २३ वर, हातात औषधाची बाटली घेऊन, आणि तिथून पुढे मी त्यांच्या प्रत्येक हालचालीवर डोळा ठेवून. कहर म्हणजे पुस्तकाचा शेवटचा फर्माच, म्हणजे शेवटच्या पानांचा अख्खा गठ्ठाच गायब! बाइंडिंगवाल्याने हरवला की कुणी फाडून नेला, देव जाणे. ग्रंथपाल काकांकडे तक्रार नेली, तर पुस्तक उलटंसुलटं करत म्हणाले, "खुनी कोण ते कळलंय ना तुला? मग आणखी काय पाहिजे?"

आज वय ४७, चष्मा प्रोग्रेसिव्ह, पण चटक तीच. भुतं, खून, मायावी नगऱ्या. परवा एका लग्नात ओळखीच्या एका सरांनी विचारलं, "हल्ली काय वाचन?" म्हटलं, धारपांच्या भयकथा पुन्हा काढल्यात. "अजून?" त्यांचा सूर असा, की जणू मला या वयात गोवर आलाय. त्या 'अजून'ला मांडवात उत्तर सुचलं नाही. पंगत बसत होती. म्हणून इथे लिहितेय.

मला हे साहित्य आवडतं कारण इथे ढोंग चालत नाही. गंभीर कादंबरी डोक्यावरून गेली तरी "काय खोली आहे!" म्हणून मान डोलावता येते. मी डोलावलेली आहे, चारचौघांत. भयकथेला ती सोय नाही. रात्री एक वाजता पाणी प्यायला उठलात आणि आधी पॅसेजचा दिवा लावलात, तर लेखक पास. अंधारातच माठापर्यंत गेलात, तर नापास. परीक्षक कोण, तर तुमचाच हात. तो भिडेखातर मार्क देत नाही.

नारायण धारपांची (१९२५–२००८) 'लुचाई' ही कादंबरी अमेरिकी लेखक स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे हे कळल्यावर माझ्या एका मैत्रिणीने त्यांना वाचायचंच सोडलं. मी दोन्ही पुस्तकं वाचली. उसनं ते उसनंच, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण अमेरिकेतल्या गावातलं भय मराठी घरात आणून बसवायचं तर नुसती नावं बदलून भागत नाही. धारपांची खरी करामत त्यांच्या वाक्यांत आहे. पंचनाम्यासारखी कोरडी, क्रमवार वाक्यं. घर कुठे होतं, खोल्या किती, बिऱ्हाड कधी आलं, शेजारी कोण. कुठेही "काळजाचं पाणी झालं" वगैरे नाही. आपण त्या तपशिलात रमतो, आणि मग एक तपशील जरासा चुकीचा असतो. बास. तिथून पुढे मी पाय पांघरुणाबाहेर ठेवत नाही.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) याच्या अगदी उलटे. त्यांची गूढकथा माणसाच्या मनातच बिळं करून राहते. 'अलबत्या गलबत्या' या त्यांच्या बालनाट्यातल्या चिंची चेटकिणीला पाहून खिदळणारी पोरं मोठी झाली, आणि त्याच लेखकाच्या 'खेकडा' या गूढकथेने त्यांची झोप उडवली. एकाच पिढीला दोनदा पुरून उरणं म्हणतात ते हे.

बाबूराव अर्नाळकरांबद्दल मात्र उगाच गहिवरून बोलणार नाही. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाच्या सगळ्याच उत्तम असतील असं मानायला मी खुळी नाही. काही वाचताना स्पष्ट दिसतं, की छापखान्याचा पोऱ्या दारात उभा होता. पण झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांच्या नादाने किती जणांना वाचायची सवय लागली! आमचे आजोबा पेपर वाचायचा कंटाळा करायचे, काळापहाड मात्र उशाशी. आजी म्हणायची, पोथी असती तर एव्हाना मोक्ष मिळाला असता.

माझी खरी तक्रार अद्भुतरम्य कादंबरीबद्दल आहे. 'वीरधवल' लिहिणाऱ्या नाथमाधवांना जाऊन जवळजवळ शंभर वर्षं होतील. त्यानंतर असं मराठी पुस्तक सुचवा म्हटलं, की माणसं आधी घसा साफ करतात आणि मग इंग्रजी नावं सांगतात. मला वाटतं, दोष आपल्या किल्ल्यांचा आहे. मराठी वाचकाला पानावर किल्ला दिसला की तो ताबडतोब इतिहासात शिरतो. काल्पनिक राजा आणलात तर त्याची वंशावळ मागतील, वर एखादा सनावळीची चूकही काढेल.

आणि कच्चा माल पाहा आपल्याकडे केवढा! भुतांचंसुद्धा खातेवाटप झालेलं. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा रानवाटेवर. कोकणात तर वेताळाची पालखीसुद्धा निघते. गिऱ्हाला पिंपळावर चढायची मुभा नाही. हद्दी ठरलेल्या, नियम ठरलेले. कादंबरीतलं जग उभं करायला याहून वेगळं काय लागतं? पण आपण यातलं एखादं भूत काढायचं आणि सिरीयलमध्ये पांढरी साडी नेसवून उभं करायचं. पुन्हा तिचे केस मोकळे, आणि कंडिशनर लावलेले.

तरी बरं, दिवाळी अंक आहेत. 'नवल' आणि 'धनंजय' यांनी या प्रकाराला हक्काची ओसरी दिली. घरात फराळाची गडबड आणि मी चकली तळता तळता एका डोळ्याने खून वाचतेय, हे आमच्याकडे दर वर्षीचं. एका वर्षी घाणा करपला. कथा चांगली होती.

हां, डॉक्टरांचं राहिलंच. दोन वर्षांपूर्वी पुण्यात एका रद्दीवाल्याकडे तीच रहस्यकथा मिळाली. मुखपृष्ठ नव्हतं, पण शेवटचा फर्मा शाबूत. घरी नेण्याइतका धीर नव्हता, एसटी स्टँडच्या बाकावर बसून संपवली आणि त्या नादात एक गाडी गेली. डॉक्टर निर्दोष! माणूस देवासारखा, उलट त्यांच्यामुळेच खुनी सापडतो. तीसेक वर्षं मी त्या सज्जन गृहस्थाला मनातल्या मनात फासावर चढवत होते, आणि तो पेन्सिलवाला मजेत.

खुनी कोण ते इथे सांगणार नाही. पुस्तक वाचनालयाला देऊन टाकतेय. पान ११ वर लिहून ठेवलंय.