गुहेत सगळेच करडे

निवृत्त माणसाचा रविवार कुणीही उचलून न्यावा. माझा भाच्यानं नेला. तो निपाणीचा, इंजिनिअरिंगसाठी बेळगावात आलेला, म्हणून टिळकवाडीत आमच्याकडं राहतो. फी त्याचा बाप भरतो, जेवायला मामी घालते, आणि खेळायला गडी कमी पडला की मी लागतो.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो बाजारात आणला. कागद, पेन्सिल आणि वीस तोंडांचा फासा. भाचा गोष्ट सांगतो, गोष्टीतले सगळे राक्षसही तोच होतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन तिच्यातून जिवंत बाहेर पडायचं. माझं पात्र ड्वार्फ, म्हणजे कुऱ्हाडवाला दाढीधारी बुटका. सोबत गोकाकचा एक पोरगा आणि खानापूरची एक पोरगी. दोघं भाच्याच्या वर्गातले.

माझा जन्म पतसंस्थेच्या खतावणीत गेला. त्यामुळं कुऱ्हाड उचलण्याआधी मी यादी मागितली. ड्रॅगनच्या मुख्य जाती दहा. पाच रंगांचे, ते दुष्ट. पाच धातूंचे, ते सज्जन. एवढ्यावर थांबले असते तर मी सुखानं जेवलो असतो. पण लाल आग ओकतो, तशी सोनेरीही ओकतो आणि पितळीही. पांढऱ्याच्या तोंडातून गारठा येतो, चंदेरीच्याही येतो. निळा आणि काशाचा वीज सोडतात, काळा आणि तांब्याचा आम्ल. विषारी वायूवाला हिरवा तेवढा एकटा. म्हणजे होरपळून पडलेल्या माणसाला आपल्याला दुर्जनानं भाजलं की सज्जनानं, हे शेवटपर्यंत कळायचं नाही.

दहांत भगवा नाही, आणि अर्धा लाल अर्धा पिवळाही नाही. आमच्या गावात हा खेळ चालतो तो त्यामुळंच, असं माझं मत आहे.

सगळ्यांत आदर वाटला तो लाल ड्रॅगनचा. भाच्याकडं २०१४ सालचं पुस्तक आहे. त्यानुसार लाल ड्रॅगनला आपल्या खजिन्यातल्या प्रत्येक वस्तूची किंमत, ती कुठून आली आणि कुठं ठेवलीय, सगळं पाठ असतं. एक नाणं कमी झालं तरी त्याला कळतं. असा एक माणूस आमच्या शाखेत असता तर मार्चअखेर मी वेळेवर घरी आलो असतो. वय आठशेच्या वर गेलं की त्याची मार सोसायची ताकद ५४६ आणि एका फुत्काराला सहा तोंडांचे २६ फासे! ते टाकून झाल्यावर बेरीज करायची माझ्याकडं, कारण हिशेबाचा माणूस मी. स्वतःच्या चितेची लाकडं स्वतःच मोजून घेण्याचा हा प्रकार.

सोनेरी ड्रॅगनला मोती आणि रत्नं खायला आवडतात, हे ऐकून मामीचा हात तेवढा गळ्याकडं गेला. बाकी तिनं आमच्याकडं लक्ष दिलं नाही.

तर सगळी यादी तोंडपाठ करून मी त्या रविवारी वाळवंटातल्या गुहेत उतरलो. ड्वार्फला अंधारात दिसतं, म्हणून मी पुढं.

"समोर ड्रॅगन आहे," भाचा म्हणाला.

"रंग?"

"करडा."

"करडा यादीत कुठाय?"

"मामा, तुमाला काळोखात दिसतंय, पण रंग कळत नाहीत. नियमच आहे तसा. सगळं करडंच दिसणार."

रात्र रात्र जागून रंग पाठ करायला लावायचे आणि मग बत्ती घालवायची! वाळवंट म्हणजे निळा किंवा पितळी, एवढं मला आठवलं. दोघांनाही वाळूच लागते आणि म्हणूनच एकमेकांचं तोंड बघत नाहीत. गोकाकवाला म्हणाला, मशाल पेटवू. खानापूरवाली म्हणाली, गप उभं राहा. तेवढ्यात ड्रॅगनच म्हणाला, "या, बसा की. कुठून आलात?"

पितळी! याला माणसं मारण्यापेक्षा बोलण्याची हौस. उठून जाणाऱ्याला हा झोपेचा वायू सोडून आडवा करतो. आम्ही पळालोच. जाग आली तेव्हा तिघंही गळ्यापर्यंत वाळूत, आणि ड्रॅगन समोर गप्पांना बसलेला.

"आता बोला तुमी," भाचा मला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आवडला नाही.

मी विचारलं, आपलं मूळ गाव कुठलं? भाऊबंद किती? निळ्याशी वाद जागेवरून का? वाटणीचे कागद झालेत का? कागद नाहीत म्हटल्यावर मी त्याला आमच्या आजोबांच्या वाटणीची हकिकत सांगितली, तालुक्याच्या फेऱ्यांसह. तिथून विषय टिळकवाडीच्या रेल्वे फाटकांवर आला. पहिलं गेट बंद असलं तर दुसऱ्यावरून का जाऊ नये आणि तिसऱ्याला काय होतं, हे मी सविस्तर सांगत होतो.

"मला जरा काम आहे," ड्रॅगन म्हणाला.

"बसा हो. कुंदा खाऊन जा."

भाच्यानं फासा टाकला, माझ्याकडं पाहिलं, परत टाकला. मग ड्रॅगननं आपल्याच पंजांनी आम्हाला उकरून काढलं आणि तो उडून गेला.

"गेद्द्री मामा!" गोकाकवाला कानडीत ओरडला. म्हणजे, जिंकलात.

भाचा म्हणाला, ड्रॅगन मेला नाही, त्यामुळं पॉइंट मिळणार नाहीत. खानापूरवाली नियमाचं पान शोधायला लागली. मी म्हटलं, पॉइंट तुझे तुलाच लखलाभ. तो गेलाय, खजिना इथंच राहिलाय. मोजदाद आज करायची की पुढच्या रविवारी, तेवढं सांग.