हप्ता बसतो का?

नाशिकरोडला नोटा छापतात. 1928 पासून छापताहेत. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते आमच्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघतात. जणू दूध आणायला जाता-येता आम्ही एखादं बंडल उचलून पिशवीत टाकत असू. माझ्या वडिलांनी त्या प्रेसमध्ये तेहेतीस वर्षं काढली. दिवसभर लाखांच्या थप्प्या डोळ्यांखालून घालायच्या आणि संध्याकाळी दारावर झडती देऊन, रिकामा डबा वाजवत सायकलवर घरी यायचं. दिसतो तो पैसा आपला नसतो, हे शिक्षण त्यांना रोज आणि पगारी मिळालं. आजही हातात आलेली प्रत्येक नोट ते आधी उजेडात धरतात आणि मगच खिशात घालतात. भाजीवाले वैतागतात.

मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात आहे. दुसऱ्यांच्या पैशांचा माझा हिशेब पैशापैशाला जुळतो.

गाडीचा विषय जुलैत निघाला, पाथर्डी फाट्यावर, भर पावसात. स्कूटरवर पुढे मी, मागे बायको, मध्ये चिरंजीव आणि तिघांत मिळून दीड रेनकोट. सिग्नलला शेजारी एक गाडी येऊन थांबली. आमच्याच सोसायटीतले गृहस्थ. त्यांनी काच खाली केली, "अरे, भिजलात की!" अशी मौलिक माहिती दिली आणि काच वर केली. बायको काही बोलली नाही. चिरंजीव मात्र घरी येईपर्यंत एकच वाक्य म्हणत होते, "त्यांची काच बटणावर खाली येते."

पुढच्या रविवारी आम्ही हायवेवरच्या एका शोरूममध्ये. तिथल्या मुलानं थंड कॉफी दिली, चिरंजीवांना फुगा दिला. मी घसा खाकरून म्हणालो, "आमचं बजेट साधारण..."

"बजेट राहू द्या हो सर. महिन्याला किती बसेल तेवढं सांगा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की 'परवडतं का?' हा प्रश्न आता कुणी विचारतच नाही. आमच्या लहानपणी आई दिवसातून दहा वेळा 'परवडत नाही' म्हणायची आणि विषय तिथेच संपायचा. आता विचारतात, 'हप्ता बसतो का?' बसायला काय, मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीटही बसते. आणि हा पाहुणा एकदा बसला की पाच-सात वर्षं उठत नाही. तेवढा काळ आपण उभं राहायचं.

सहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता 12,455. माझा चेहरा पाहून त्या मुलानं कॅल्क्युलेटरवर कुठेतरी बोट दाबलं आणि मुदत सात वर्षं केली. हप्ता 9,653. "बघा सर, महिन्याचे 2,800 वाचवून दिले तुमचे!" मी इतका भारावलो की येताना पाव किलो पेढे आणले.

बाबांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं मागचं पान उलटलं आणि पेन्सिल काढली.

"पाच वर्षांत व्याज 1,47,300. सात वर्षांत 2,10,852. म्हणजे तू 63,552 रुपये जादा द्यायचं कबूल करून आलास, आणि वर पेढे?"

हिशेब खात्यातल्या माणसाला हे ऐकावं लागणं म्हणजे आचाऱ्याच्या घरी वरण करपणं. मी म्हणालो, "बाबा, आजकाल सगळे असंच घेतात. मागच्या वर्षी मोबाइल नाही का घेतला, शून्य टक्क्यावर?" हे बोलायला नको होतं. बाबांकडे कात्रणांची फाइल आहे. 2013 च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनंच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा काही प्रकारच नसतो. व्याज कुठेतरी फीमध्ये किंवा न मिळालेल्या सवलतीत लपलेलं असतं. ते कात्रण बाहेर आलं. मग माझं मोबाइलचं बिल बाहेर आलं. रोखीवर मिळाली असती ती सूट कुठल्या ओळीत गेली, ते बाबांनी पेन्सिलीनं गोल करून दाखवलं. तोवर पेढे आईनं आत नेले होते.

"गाडी घ्यायची ना? घे. पण आधी हप्ता आण, मग गाडी आण," बाबा म्हणाले. "पाच वर्षांचा हप्ता 12,455. पेट्रोल 3,000. विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग, टायर मिळून महिन्याला अडीच हजार धर. झाले अठरा हजार. सहा महिने दर पाच तारखेला मला आणून दे. मी बँक."

"आणि गाडी?"

"गाडी तुझ्याकडे आहे असं समज. बँकेला काय त्याचं?"

ऑगस्टचा हप्ता मी ऐटीत दिला. पाकिटात अठरा हजार, वर तारीख. बाबांनी पाचशेची एकेक नोट खिडकीशी नेऊन उजेडात पाहिली. छत्तीस नोटा, पाऊण तास गेला. मग पावती दिली, तीही शिक्का मारून. शिक्का आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाचा होता, कारण खजिनदारकी त्यांच्याकडेच आहे.

सप्टेंबरच्या सहा तारखेला सकाळी सात वाजता माझा फोन वाजला. "नमस्कार, मी वसुली विभागातून बोलतोय." आवाज फोनमधून येत होता आणि शेजारच्या खोलीतूनही. मी म्हणालो, गणपती तोंडावर आलेत, मखर, शाळेची दुसरी फी, चार हजार कमी पडताहेत, पुढच्या महिन्यात देतो. बँक म्हणाली, "मुदत बदलून देता येईल. प्रोसेसिंग फी पाचशे रुपये. अधिक अठरा टक्के जीएसटी. एकूण 590."

"बाबा, तुम्ही जीएसटी कुठे भरणार आहात?"

"ते मी बघेन. तुला सवय झाली पाहिजे."

त्या 590 रुपयांतून बँकेनं आपल्या तीन निवृत्त मित्रांना मिसळ खाऊ घातली. दह्याच्या वाट्या आणि पापड वेगळे.

मग मात्र मी इरेला पेटलो. पैसे जातात कुठे ते शोधायला एक वही घातली. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून पाण्याचा अंदाज घेतात; गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. माझ्या खात्यालाही असा मारुती लागतो हे वहीनं दाखवलं. पाच तारखेला पाणी घोट्याला, बाराला कमरेला आणि वीस तारखेनंतर नुसती शेंदरी डोकी दिसायची. गंमत म्हणजे धरणातून एकदम पाणी सोडल्यासारखा मोठा खर्च एकही नव्हता. सगळे ओहोळ. रविवारी मळ्यातली मिसळ: माणशी मोजून ठीक, पण तिथे झोका असतो, झोक्याशेजारी आइस्क्रीम असतं. तीन वेगवेगळ्या ठिकाणी सिनेमे पाहायची वर्गणी, आणि रात्री आम्ही पाहतो तरी काय, तर पाहायचं काय याची यादी. पण वहीतलं सगळ्यात मानाचं पान गंगापूर रोडच्या जिमचं. वर्षाचे 12,000 भरले, गेलो 11 दिवस. दिवसाला 1,091 रुपये पडले. एवढ्यात कुणीतरी घरी येऊन मला पलंगासकट उचललं असतं.

जिम आधीच भरून झाली होती, ती सोडून काही वाचणार नव्हतं. बाकीचं कापलं. ऑक्टोबरचा हप्ता वेळेवर गेला.

नोव्हेंबरचा गेलाच नाही. दिवाळी, भाऊबीज, पुतण्याची मुंज, त्यात स्कूटरचा टायर. मी आईकडे वळलो. आईची स्वतंत्र बँक आहे, तिच्या शाखा डाळीच्या डब्यात आणि जुन्या पैठणीच्या घडीत. या बँकेचा ताळेबंद जाहीर झाला तो एकदाच, 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री. टीव्हीवर पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याचं ऐकून आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि हिंगाचा वास येणारे साडेतेवीस हजार आणून टेबलावर ठेवले. जन्मभर नोटा पाहिलेला माणूस ते बघतच राहिला. तेव्हापासून आई शंभराच्या वरची नोट साठवत नाही. मला ती म्हणाली, "देईन. पण तुझ्या बाबांना विचारून." म्हणजे एका बँकेचं कर्ज फेडायला दुसरीकडे गेलो तर दोघींची रात्री एकाच खोलीत बैठक! मी अर्ज मागे घेतला.

डिसेंबर, जानेवारी भरले. जानेवारीच्या पाच तारखेला संध्याकाळी बँकेनं मला दिवाणखान्यात बोलावलं. बायको, चिरंजीव, आई, सगळे हजर. बाबांनी वही उघडली.

"जमा 86,000. सहापैकी चार हप्ते वेळेवर, एक अपुरा, एक बुडीत. बँक म्हणून मी तुझं कर्ज नामंजूर करतो."

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ती काच बटणावर पुन्हा वर गेली.

"अजून सहा महिने भर," बाबा म्हणाले. "चुकवू नकोस. लाख-दीड लाख आधी भरता आले तर कर्जच कमी घ्यावं लागेल. हप्ता मग आपोआप खाली येतो, मुदत ताणावी लागत नाही." आणि बंद करण्यासाठी त्यांनी वही उचलली, तेव्हा तिच्यातून काहीतरी गुळगुळीत घसरून खाली पडलं. शोरूमचं माहितीपत्रक. मी आणलेलं नव्हे. माझ्या पत्रकावर कॉफीचा डाग होता. हे कोरं होतं, आणि मागच्या सीटच्या चित्रावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'गुडघा?'

"तुम्ही शोरूमला गेला होतात?"

"चालत चालत तिकडे गेलो होतो. कॉफी चांगली देतात." बाबांनी पत्रक परत वहीत घातलं. "पांढरी घ्यायची नाही. चिखल दिसतो."

मी उठायला लागलो.

"थांब. नोव्हेंबरची फी राहिली आहे."

मी फोन काढला. त्यांनी मान हलवली. मग पाकिटातली शेवटची पाचशेची नोट दिली. बाबा ती घेऊन ट्यूबलाइटखाली गेले, चष्मा कपाळावर चढवला, नोट उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"आमच्याकडचीच दिसते," ते म्हणाले. हे त्यांना कसं कळतं ते त्यांनी तेहेतीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. नोट त्यांनी पाकिटात सरकवली आणि हात तसाच पुढे ठेवला.

"आणि वरचे नव्वद?"