मटिल्डाच्या अंगावरचा आभाळी निळा

माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याने दिवाळीच्या सुटीत मटिल्डा या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाड्याचे १:३५ मापाचे (मूळच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढे) प्लॅस्टिकचे मॉडेल जोडले, आणि त्यावरचे तिन्ही रंग आम्ही दोघांनी दोन संध्याकाळी बसून मिसळून घेतले. पुढच्या रविवारी पाहतो, तर रणगाड्यावरचे राखाडी पट्टे आभाळी निळे झालेले! "मामा, आपलं चुकलं होतं. हे वाच," असे म्हणून त्याने फोनवर एक लांबलचक संदेश दाखवला. 'लष्करी मॉडेलचे अचूक रंग : पाच नियम' असे त्याचे शीर्षक होते. हाच संदेश त्याआधी आणखी तिघांनी मला पाठवला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता सोडून दिला होता. आता मात्र तो घरात शिरला आहे, तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

ज्या नियमाने आमचा रणगाडा बिघडवला, तिथूनच सुरुवात करतो. 'आफ्रिकेच्या वाळवंटातील ब्रिटिश रणगाड्यांवर आकाशी निळे पट्टे असत, कारण क्षितिजावर रणगाडा आकाशात मिसळून जावा,' असे संदेश सांगतो. हे पट्टे म्हणजे 'कॉन्टर' पद्धतीचे छद्मावरण, म्हणजे शत्रूच्या नजरेला चकवण्यासाठीची रंगरचना. चौथ्या आर्मर्ड ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ते ओळखले जाते आणि १९४०-४१ मध्ये इजिप्त व लिबियात ते वापरात होते. भाच्याने निवडलेला मटिल्डा त्याच काळातला, म्हणजे ९ डिसेंबर १९४० रोजी इजिप्तमधल्या निबेवाच्या इटालियन छावणीवर चौथ्या भारतीय डिव्हिजनबरोबर चालून गेलेल्या तुकडीतला होता. या पद्धतीतले रंग कोणते, हे अंदाजाने ठरवण्याची गरजच नाही. ब्रिटिश लष्करी रंगांचे अभ्यासक माइक स्टार्मर यांनी त्या काळातले लेखी आदेश आणि मूळ रंगनमुने एकमेकांशी ताडून पाहिले आहेत. त्यांच्या मांडणीनुसार पाया 'पोर्टलंड स्टोन' किंवा 'लाइट स्टोन' या फिक्या पिवळसर रंगाचा, त्यावर 'सिल्व्हर ग्रे' क्रमांक २८ आणि 'स्लेट' क्रमांक ३४. हे क्रमांक ब्रिटिश मानक ३८१ च्या १९३० सालच्या रंगपत्रकातले आहेत. त्यातला सिल्व्हर ग्रे हा हिरवट झाक असलेला फिका राखाडी आहे, आणि स्लेट हा गडद, मळकट हिरवट. या यादीत निळा कुठेच नाही.

मग निळा आला कुठून? ब्रिटनमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयातला मटिल्डा अशाच निळ्या पट्ट्यांनी रंगवलेला होता. त्याची छायाचित्रे जगभर गेली, ती पाहून मॉडेलकारांनी आपापले रणगाडे निळे केले, आणि ती मॉडेले पाहून पुढच्या पिढीने. संग्रहालयात उभे असलेले वाहन खरे असते, पण त्याच्या अंगावरचा रंग बहुधा नंतर कुणीतरी दिलेला असतो, एवढी साधी गोष्ट लक्षात न घेता 'मी स्वतः पाहिले आहे' हा पुरावा पुढे केला जातो. क्षितिजात मिसळण्याची कथा तर मला सर्वांत हास्यास्पद वाटते. या पद्धतीत सरळ कडांचे, कोनात छेदणारे पट्टे आहेत आणि त्यांचा हेतू रणगाड्याची बाह्याकृती मोडण्याचा आहे. चहूबाजूंनी वाळू असलेल्या प्रदेशात, वरून टेहळणी करणाऱ्या विमानापासून लपण्यासाठी कोणी रणगाड्याला आभाळाचा रंग का देईल, हा प्रश्न संदेश लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

यात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. फिका राखाडी पिवळसर रंगाला लागून ठेवला, तर डोळ्यांना तो किंचित निळसर भासतो. चित्रकलेचा कोणताही विद्यार्थी हे सांगेल. म्हणून वाळवंटात उभ्या असलेल्या माणसाला ते पट्टे निळसर दिसले असतील, तर त्यात नवल नाही. पण तो भास पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तयार होतो, डब्यातून निळा ओतावा लागत नाही. मॉडेलवरही पिवळसर पायाशेजारी योग्य राखाडी लावला की तोच भास आपोआप होतो. त्यात वर निळा लावला, की भासाचा भडकपणा होतो.

दुसरा नियम म्हणतो की कृत्रिम बुद्धिमत्तेने रंगीत केलेली जुनी छायाचित्रे हा आता सर्वांत विश्वसनीय पुरावा आहे. हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि चहा करायला गेलो. कृष्णधवल फिल्मवर रंग नोंदला जात नाही, प्रकाशाची तीव्रता नोंदली जाते, आणि तीही फिल्मच्या प्रकारावर अवलंबून. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी असते, त्यामुळे लाल रंग तिच्यावर काळपट आणि निळा रंग पांढुरका उतरतो. सर्व रंगांचा प्रकाश टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तेच दृश्य वेगळे दिसते, आणि भिंगासमोर पिवळा फिल्टर लावला की पुन्हा वेगळे. तेव्हा एकाच करड्या ठिपक्यामागे हिरवा, तपकिरी किंवा राखाडी यांपैकी कोणताही रंग असू शकतो. जी माहिती निगेटिव्हवर उतरलीच नाही, ती यंत्राला सापडणार कशी? ते शिकवलेल्या असंख्य चित्रांवरून अंदाज बांधते, आणि त्या चित्रांमध्ये संग्रहालयातला तो निळा मटिल्डाही असणारच.

तिसरा नियम : '१९४३ पर्यंत सर्व जर्मन रणगाडे निव्वळ राखाडी.' १९४० च्या उन्हाळ्यापासून फेब्रुवारी १९४३ पर्यंतच्या युरोपातल्या आघाडीपुरते हे ढोबळमानाने बरोबर आहे. पण १९३७ पासून गडद राखाडीवर एक तृतीयांश भागात गडद तपकिरी देण्याचा आदेश होता आणि तो जुलै १९४० च्या अखेरीस मागे घेण्यात आला. म्हणजे पोलंड आणि फ्रान्सच्या मोहिमांतले रणगाडे दुरंगी होते. हे दोन्ही रंग इतके गडद आहेत की कृष्णधवल छायाचित्रांत ते एकमेकांपासून सुटे दिसत नाहीत. त्यामुळे अनेक वर्षे कोणाच्या ध्यानातच आले नाही. हा उलगडा लेखी आदेशांवरून झाला. शिवाय आफ्रिकेत गेलेल्या जर्मन वाहनांसाठी मार्च १९४१ मध्येच पिवळसर तपकिरी आणि करडा हिरवट असे वेगळे रंग ठरले होते.

चौथा नियम मापाचा : १:३५ ला दहा टक्के आणि १:७२ ला पंचवीस टक्के पांढरा मिसळावा. यामागची कल्पना खोटी नाही. १:७२ चे मॉडेल एका फुटावरून पाहणे म्हणजे खरे वाहन ७२ फुटांवरून पाहणे, आणि घरातला दिवा उन्हाच्या तुलनेत फार मंद असल्याने मूळ रंग मॉडेलवर काळपट वाटतो. तेव्हा रंग थोडा उजळावा, हे मलाही मान्य आहे. पण टक्केवारीचे कोष्टक कशाच्या आधारावर, आणि सरसकट पांढराच का? लालसर तपकिरीत पांढरा घातला की गुलाबी होतो आणि ऑलिव्ह हिरव्यात घातला की खडूसारखा दिसतो. तिथे फिका पिवळसर किंवा मातकट रंग घालावा, आणि मॉडेल जिथे ठेवायचे आहे त्या उजेडात नेऊन पाहावे.

पाचव्या नियमाला फार जागा देत नाही. 'बाटलीवर योग्य क्रमांक असला की रंग अचूकच' असे तो म्हणतो. एकच क्रमांक छापलेल्या दोन कंपन्यांच्या बाटल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर शेजारी लावून पाहाव्यात, शंका राहणार नाही. मूळ वाहनांचेही तेच होते. १९४३ नंतर जर्मन पथकांना रंग घट्ट लगद्याच्या रूपात मिळे, आणि तो हाताशी असेल त्याप्रमाणे पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात पातळ करून लावला जाई. एकाच तुकडीतल्या दोन रणगाड्यांची छटा जुळत नसे. क्रमांक रंगाचा रोख सांगतो, त्याहून अधिक काही नाही.

भाच्याने हे सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले की निळा खरवडावा लागेल का. लागणार नाही. त्याचा रंग अ‍ॅक्रेलिक आहे आणि पूर्ण वाळला आहे. त्यावर फिक्या राखाडीत हिरव्याचा एखादा थेंब आणि चिमूटभर पिवळा मिसळून पातळ दोन हात दिले की पुरे. बुरुजाच्या डाव्या बाजूला मात्र त्याने डिकॅलवरूनच (चिकटवायच्या छापील चिन्हावरूनच) निळा फिरवला आहे, आणि त्या पत्रकावर दुसरे डिकॅल शिल्लक नाही.